केयाच्या अल्बमचे जाहीर श्रवण

अमेरिकेतल्या बॉथेल गावात वाढलेल्या केया हिच्या वाद्यवृंदरचनांचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला, तेव्हा स्थानिक मराठी मंडळाने तिचा सत्कार करण्याचे ठरवले. अल्बम कोणी ऐकला नव्हता. पण एका इंग्रजी वर्तमानपत्रात त्याची स्तुती आली होती आणि ती सर्वांनी एकमेकांना फॉरवर्ड केली होती.

केयाची अट एकच होती. पहिली रचना पूर्ण ऐकवायची. ती तिने दिवंगत आईवर केली होती आणि तिच्या बाबांना, म्हणजे रवी यांना, ती एकट्याने ऐकण्याचा धीर होत नव्हता.

अध्यक्ष पुरुषोत्तमकाकांनी लॅपटॉपचे बटण दाबले. सभागृहात एक खोल, अखंड घरघर सुरू झाली. प्रेक्षकांनी डोळे मिटले. मीनाक्षीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"मारव्याची छाया आहे," सत्यजित कुजबुजला. "आणि चेलो काय वाजवलाय यार!"

घरघर थांबताच सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. केया माइकपाशी गेली.

"काका, सॉरी, पण म्यूझिक अजून स्टार्टच नाही झालं. स्पीकर म्यूट आहेत. तो किचनचा एक्झॉस्ट फॅन होता."

मंचावरच कार्यकारिणीची तातडीची बैठक भरली.

"दाद दिली गेली आहे," काका म्हणाले. "ती परत घेण्याची तरतूद घटनेत नाही."

"मग आता लावा ना," रवी म्हणाले.

"आता लावलं तर आधीची दाद खोटी ठरेल. शिवाय पुऱ्या गार होतील."

सचिव चैत्राली हिने पंख्याच्या आवाजाला 'उत्स्फूर्त सादरीकरण' म्हणून मान्यता देण्याचा ठराव मांडला. तो एकमताने संमत झाला. सत्कार सादरकर्त्याचाच व्हायला हवा, म्हणून शाल पंख्याला पांघरण्यात आली. तेवढ्यात आतून कोणीतरी पंखा सुरू केला. शाल आत ओढली गेली आणि जी फडफड झाली, तिला वन्स मोअर मिळाला.

केया बाबांना घेऊन पार्किंग लॉटमध्ये गेली. गाडीच्या काचा वर करून तिने ती रचना लावली. संपली तरी रवींनी तिचा हात सोडला नाही. म्हणाले, "परत लाव."

ती रचना कशी होती, हे मंडळात आजवर कोणी विचारलेले नाही. आणि वाचकहो, तुम्हीसुद्धा शालीचे पुढे काय झाले, एवढेच विचारणार होतात.