मेंदूतला रस

आल्यागेल्याला लोक चहा विचारतात. आमचे शेजारी नेनेमास्तर झुरळ दाखवायचे.

"वहिनी, ह्याची चाल बघा! काल मेल्यासारखं पडलं होतं!" असं म्हणत बरणी थेट माझ्या नाकाशी. मी आपली देवाची फुलं तोडायला निघालेली, आणि हे मला झुरळाची चाल दाखवतायत! कर्म माझं, दुसरं काय!

चौपन्न-पंचावन्न सालची डोंबिवली. आमची बैठी चाळ आणि मागे भातखाचरं. मास्तर ठाण्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचे आणि घरी लोणच्याच्या बरण्यांत झुरळं पाळायचे. एका झुरळाचा मेंदू भिंगाखाली काढायचा, मिठाच्या पाण्यात खलायचा, आणि केसाएवढ्या काचेच्या नळीने तो रस दुसऱ्या सुस्त झुरळाच्या अंगात सोडायचा. ते तुरुतुरु पळालं, की मास्तर गंजीफ्रॉकवरच ओटीभर नाचायचे. "पाय नुसते ताबेदार हो वहिनी! हुकूम रसाचा!" हे त्यांचं पालुपद.

झाकणं मात्र हा विद्वान कधी धड लावायचा नाही. माझ्या नणंदेच्या मंगळागौरीला त्यांचं एक रत्न फुगडीत शिरलं. तशी फुगडी चाळीत पुन्हा झाली नाही. मी तणतणत गेले, तर म्हणतात, "कुठे पळालं ते? डावीकडे की उजवीकडे?" आता ह्या माणसाला काय म्हणावं!

तरी त्यांना फार कुणी बोलत नसे. आत खाटेवर त्यांच्या बायको होत्या, सुमतीवहिनी. माझ्याहून लहान. आधी एक हात थरथरायला लागला, मग हळूहळू सगळं अंगच ताठरलं. कल्याणचे डॉक्टर म्हणाले, हातपाय चांगले आहेत, बिघाड मेंदूत आहे, औषध नाही. त्याच आठवड्यात मास्तरांनी पहिलं झुरळ धरलं. "आज झुरळ चाललं, उद्या माणूस चालेल," म्हणायचे. वहिनी पडल्या पडल्या हसायच्या. मला वाटायचं, त्यांनाही पटतंय.

मग एकदा सरकारी माणसं डी.डी.टी. मारायला आली. आम्ही बायकांनी देव, पाण्याची पिंपं, पिठाचे डबे भराभर बाहेर काढले. मास्तर मात्र दारात हात आडवे लावून उभे.

"माझ्या घरात एक थेंब नाही! सगळी मरतील!"

"अहो मास्तर, सगळ्यांकडे मारायचंय. ऐका जरा," पंपवाला समजावून समजावून दमला.

"माझी बायको आहे हो आत! तिच्यासाठी चाललंय हे सगळं!" मास्तरांचा आवाज अगदी रडवेला झाला होता.

तेवढ्यात आतून वहिनी बोलल्या. एकेक शब्द काढायला त्यांना वेळ लागायचा.

"अहो... येऊ द्या त्यांना. दुपारी तुम्ही शाळेत... ह्या सगळ्या निजलेल्या... ती माझ्या अंगावर चढतात. तोंडावर येतात. मला हात उचलवत नाही हो."

मास्तरांचे हात खाली आले.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत असायचात."

मास्तर आत गेले. सगळ्या बरण्या त्यांनीच आणून पंपवाल्याच्या पायाशी ठेवल्या. मग वहिनींना उचलून आमच्या ओटीवर आणलं, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि आत फवारा चालला होता तोवर पंच्याने त्यांचा चेहरा पुसत बसले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तरी ते पुसतच राहिले.