धकाते सर्व्हर बसवतात

आमच्या ऑफिसातले धकाते सर्व्हरशी बोलतात. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. नवं सॉफ्टवेअर बसवायचं म्हणजे त्याला लागणाऱ्या 'जावा'सारख्या गोष्टी मशीनमध्ये कुठे आहेत, ते आधी सांगून ठेवावं लागतं. बाकीचे लोक ते पत्ते मुकाट्यानं टाइप करतात. धकाते घरी आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं सांगतात. "हे पाय गा, जावा इथं राहते. लॉगच्या नोंदी तिकडं लिहायच्या. अन् डेटाले हात लावायचा नाही."

पत्त्यात बरोबरचं (=) चिन्ह आलं की आवाज एकदम मऊ होतो. त्याच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडलेली मशीनला चालत नाही. "ह्याले दोन्हीकून कोणीतरी चिकटूनच पाहिजे. जागा सोडली का रुसलाच."

मग चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचायची, मशीनकडूनही वदवून घ्यायची. पडद्यावर बरोबर पत्ता उमटला की "शाब्बास!" इतरांचं तासाभराचं काम धकात्यांना दिवसभर पुरतं. साहेब चिडले तर म्हणतात, "घाई कायची आहे?"

मनीषनगरला त्यांचा फ्लॅट आहे. बायको वारली. मुलगी बंगळुरूला बोलावत असते. "तिथं कोणासंगं बोलू?" म्हणतात. इथं तरी कोणासंगं बोलतात, देव जाणे.

मागे आम्ही दोघं कामठीच्या एका शाळेत सर्व्हर बसवायला गेलो. धकात्यांनी बाह्या सरसावल्या, पहिला पत्ता सांगायला तोंड उघडलं, आणि नव्या सॉफ्टवेअरनं काही विचारलंच नाही. सगळं आपलं आपण शोधलं आणि सुरूही झालं. आणलेला चहा अजून गरम होता.

"झालं?" धकात्यांनी मला विचारलं.

"झालं."

"असं कसं झालं गा?"

मी सामान आवरलं. ते उठेनात. "तू हो पुढं. मी एकडाव तपासून येतो."

ऑटो स्टँडवर पोचल्यावर लक्षात आलं, लॅपटॉपचा चार्जर शाळेतच राहिला. परत गेलो तर कॉम्प्युटरच्या खोलीतून आवाज येत होता. "हे पाय, जावा इथं राहते..."

दारातून पाहिलं. चालू झालेलं सॉफ्टवेअर धकात्यांनी पार काढून टाकलं होतं आणि जुन्या पद्धतीनं, हातानं, पहिल्यापासून बसवणं चाललं होतं. तेवढ्यात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई आतल्या दारातून डोकावल्या.

"सर, नाही झालं का अजून?"

"कुठी झालं, मॅडम. काहीच समजून नाही राहिलं ह्याले."

"मग आता जेवूनच घ्या आमच्यासंगं. स्टाफरूममध्ये सगळे बसून राहिलो."

"अरे, तुमाले काहून तरास..." म्हणता म्हणता धकाते उठलेसुद्धा. शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला. आणि मी दिसलो.

हात डोक्यावरच राहिला. पडद्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा. "काहून आला गा परत?"

चार्जर टेबलावर समोरच पडला होता.

"म्हटलं, एकट्याच्यानं काही हे आज व्हायचं नाही," मी म्हणालो आणि खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

धकात्यांनी डोक्यावरचा हात खाली घेतला. बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, आमी दोघं आहो."