लाल दोऱ्याची टेप

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. फोटोवाल्याने सगळ्यांना जवळजवळ उभं केलं. फोटोत बारीक दिसावं म्हणून मास्तरांनी श्वास आत ओढून धरला. पण फोटोवाल्याचं काही केल्या जुळेना. शेवटी मास्तरांनी श्वास सोडला आणि त्याबरोबर कोटाचं मधलं बटण सुटलं ते थेट व्याह्यांच्या चष्म्यावर. काच तडकली. व्याही सज्जन होते. "असू दे, असू दे," म्हणाले, पण पुढच्या प्रत्येक फोटोत ते मास्तरांपासून दोन माणसं सोडून उभे राहिले.

मास्तर म्हणजे शिंपी. कोट त्यांनी स्वतःच शिवला होता. अख्ख्या वस्तीची मापं टेपने घेणाऱ्या या माणसाने स्वतःचं माप मात्र आठवणीने घेतलं होतं, आणि ती आठवण बरीच जुनी होती.

दुसऱ्याच आठवड्यात मास्तरीणबाईंनी त्यांना दवाखान्यात नेलं. या बाई शाळेत शिकवायला कधी गेल्या नव्हत्या, पण नवऱ्याच्या धंद्यामुळे चिकटलेलं नाव त्यांनी घरात सार्थ केलं होतं.

डॉक्टर टेबलामागे बसले होते. पोट टेबलाला टेकलं होतं आणि ड्रॉवर अर्धवट उघडा होता. त्यातून बिस्किटांचा वास येत होता.

"मास्तर, साखर वाढलीय. प्रेशर वाढलंय. गुडघे तर तुमच्याविरुद्ध संपावरच गेलेत."

"गोळ्या घेतो की मी, साहेब."

"गोळ्या घ्यायच्याच. पण गोळ्यांनी किती करायचं? खाणं आवरा, चाला, रात्री वेळेवर झोपा. पोटाचा घेर दर आठवड्याला मोजा. तीन महिन्यांनी रक्त तपासू. फरक नसला तर रोज सुई घ्यायची. पोटात."

मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्यांचा सगळा जन्म सुईवर गेला होता. कापडात जाणारी सुई बघताना त्यांना गाणं सुचायचं. माणसात जाणारी सुई बघितली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. धाकटीला लस टोचताना तिला धरायला म्हणून गेले होते, तर शेवटी धाकटीनेच त्यांना धरलं होतं.

"आणि वजन पाण्यानेच वाढतं असं मला सांगू नका," डॉक्टर म्हणाले. "सगळे तेच सांगतात." एवढं बोलून त्यांनी ड्रॉवर आणखी थोडा उघडला.

घरी नवं राज्य सुरू झालं. ताटात उकडलेल्या भाज्या आल्या, चहातली साखर गेली. "घेर उतरला तरच रविवारी साखरेचा चहा," मास्तरीणबाईंनी जाहीर केलं. दर रविवारी सकाळी कपाटाच्या आरशापुढे मास्तरांनी सदरा वर धरून उभं राहायचं आणि बाईंनी टेप लावायची, असं ठरलं.

मास्तर रोज संध्याकाळी चालायला निघत. बेकरीपर्यंत जात, दोन क्रीमरोल खात आणि परत येत. चालणं खोटं नव्हतं, मधला मुक्काम तेवढा चुकीचा होता.

पहिल्या रविवारी घेर तेवढाच भरला. दुसऱ्या रविवारी वाढला.

"अहो, हे पोट आहे की भाजीचा भाव? दर खेपेला वरच!"

"तू टेप सैल धरतेस."

"मी सैल धरली असती तर शेवटपर्यंत पुरलीच नसती."

त्या दिवशीचा बिनसाखरेचा चहा मास्तरांच्या घशाखाली उतरेना. दुकानात त्यांच्याकडे दोन टेपा होत्या, दोन्ही पिवळ्या, एकाच वेळी घेतलेल्या, कापडी. त्यातली एक त्यांनी भिजवली, खिळ्याला अडकवली आणि तिच्या खालच्या टोकाला जुनी लोखंडी इस्त्री बांधून ठेवली. इस्त्रीने दोन-तीन दिवस इमानाने काम केलं. टेप ताणली की तिच्यावरचे आकडे एकमेकांपासून दूर सरकतात आणि मोठ्या पोटालाही लहान आकडा पुरतो. ओळखू यावी म्हणून मास्तरांनी तिच्या टोकाला बारीक लाल दोरा बांधला आणि ती घरच्या कपाटात ठेवली. चांगली टेप दुकानातल्या खिळ्यावर राहिली.

रविवारी बाईंनी आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि आत जाऊन चहात दोन चमचे साखर घातली.

तिथून मास्तरांचे दिवस पालटले. दर रविवारी ते थोडे पोट आत घेत, टेप थोडी मदत करी. थोरलीला फोन गेला, थोरलीने सासरी सांगितलं. व्याह्यांनी निरोप पाठवला, "आता जवळ उभं राहायला हरकत नाही." गिऱ्हाइकं विचारू लागली तसे मास्तर टेबलावर कोपर टेकून सांगू लागले, "काही नाही हो, मनाचा निग्रह लागतो." टेप आपणच ताणली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी महिन्याभरात ते आरशात स्वतःला बारीक दिसू लागले. पुढे रक्त तपासायचं आहे हेही ठाऊक होतं. पण रक्तालाही ही बातमी कळली असेल आणि ते आपोआप सुधारत असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

एका शनिवारी मास्तरीणबाईंनी पडद्याचं कापड आणलं. घरी कपाटातली टेप काढून मोजलं तर कमी भरलं. बाई कापड काखेत मारून, टेप मुठीत धरून तरातरा कापडवाल्याकडे गेल्या.

"माझ्या नवऱ्याचा जन्म कापडात गेला, आणि तुम्ही मला फसवता?"

कापडवाल्याने शांतपणे मोजायचा लोखंडी गज काउंटरवर ठेवला, शेजारी बाईंची टेप ठेवली आणि दोन्हींकडे बघत म्हणाला, "वहिनी, कापड पुरेपूर आहे. तुमची टेपच खाऊनपिऊन सुखी दिसतेय."

बाई घरी आल्या. टेपेच्या एका टोकाला लाल दोरा होता आणि दुसऱ्या टोकाला इस्त्रीच्या दांड्याचा काळा वळ. त्यांना सगळं समजलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मास्तरांच्या दुकानात जाऊन लाल दोरा सोडला, चांगल्या टेपेला बांधला, ती कपाटात आणून ठेवली आणि ताणलेली टेप खिळ्यावर अडकवली. एका रविवारची अद्दल घडवायची आणि सोमवारी सगळं जागच्या जागी ठेवायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

रविवारी मास्तर ऐटीत उभे राहिले. बाईंनी आकडा वाचला.

"काय?" मास्तर म्हणाले.

"तुम्हीच बघा."

मास्तरांनी बघितलं. लाल दोरा जागेवर होता. म्हणजे ही आपलीच टेप! त्यांच्या कपाळाला घाम फुटला. बोलायचीही सोय नव्हती. आपल्या बाजूने खोटं बोलणारी टेप जर एवढं सांगते, तर खरं पोट केवढं असेल? आणि रक्त? त्यांना डॉक्टरांची सुई दिसू लागली, चांगली गोणपाट शिवायच्या सुईएवढी.

त्या संध्याकाळी मास्तर बेकरीसमोरून मान न वळवता गेले. बेकरीवाल्याने हाक मारली, "मास्तर, ताजे आहेत!" मास्तर लंगडत लंगडत पळालेच. परत आले ते घामाघूम, आणि उकडलेला दुधी दोनदा मागून खाल्ला.

मास्तरीणबाईंनी सोमवारी टेप बदलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. इतक्या वर्षांत ज्या माणसाने त्यांचं एक ऐकलं नव्हतं, तो त्यांच्या डोळ्यांदेखत गुडघ्याला पट्टा बांधून पहाटे चालायला निघाला होता. आता खरं सांगितलं तर हा परत बेकरीत जाऊन बसेल. "अजून एक आठवडा," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग आणखी एक.

इकडे दुकानात घोळ वाढत होता. माप टेपने घ्यायचं, पण कापताना टेबलाच्या कडेला ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर मोजायचं, ही मास्तरांच्या वडिलांपासूनची पद्धत. त्यामुळे ताणलेली टेप जे कमी सांगे, पट्टी तेवढंच नेमकं कापी. पहिली पँट पोस्टातल्या कारकुनाची. कमरेला हुक लागेना.

"मास्तर, घट्ट झाली हो."

पूर्वीचे मास्तर खजील झाले असते. आताच्या मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पँट घट्ट नाही. तुम्ही वाढलात. मी स्वतः एका आठवड्यात कसा वाढलो ते माझं मला ठाऊक. क्रीमरोल सोडा."

ते इतक्या कळवळ्याने बोलत की समोरच्याला शंकाच येत नसे. कारकून चालू लागला. त्यामागून शाळेचे मुख्याध्यापक, मग किराणावाला. संध्याकाळी रस्त्यावर घट्ट पँटवाल्यांची मिरवणूकच निघे, पुढे मास्तर. बेकरीवाला दारात उभा राहून शिव्या मोजत असे. मास्तरीणबाई खिडकीतून बघत आणि पदर तोंडाला लावत, हसू दाबायला की भीती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

याच दिवसांत डॉक्टर दवाखान्यातल्या सिस्टरला घेऊन दोघांच्या पांढऱ्या कोटांची मापं द्यायला आले.

"अरे वा साहेब, उतरलात की तुम्ही!" मास्तर टेप बघत म्हणाले.

"मग? लोकांना सांगतो ते आधी स्वतः करतो," डॉक्टर म्हणाले आणि खिशातलं बिस्कीट तोंडात टाकलं.

मास्तरांनी चार दिवसांत कोट देतो म्हटलं. शिंप्याचे चार दिवस ते, महिनाभर चालले. शेवटी ज्या दिवशी मास्तरांच्या रक्ताचा रिपोर्ट यायचा होता, त्याच दिवशी ते कोट घेऊन दवाखान्यात गेले. सोबत मास्तरीणबाई. बाकावर कारकून आणि एक आजी बसल्या होत्या.

डॉक्टरांनी कोट चढवला. बटणं आणि काजं एकमेकांकडे लांबूनच बघत राहिली.

"मास्तर, हा तंग आहे."

"कोट बरोबर आहे साहेब. वाईट वाटून घेऊ नका. हल्ली सगळ्यांचंच वाढलंय. लाजण्यासारखं काही नाही, फक्त तोंडावर ताबा हवा."

"माझं वाढलेलं नाही!"

"मग काट्यावर उभे राहा ना," कारकून म्हणाला. त्याच्या पोटात अजून पँटचा हुक रुतत होता.

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? डॉक्टर काट्यावर चढले, बहुधा तो काटा विकत घेतल्यापासून पहिल्यांदाच. आजी उठून वाकून बघायला आल्या.

"काटा बिघडलाय," डॉक्टर म्हणाले.

"आम्ही चढतो तेव्हा नसतो तो बिघडलेला," आजी म्हणाल्या. "चालत जा रे बाबा संध्याकाळी. आणि पाण्यानेच वाढतं असं काही सांगू नको हं."

तेवढ्यात आतून सिस्टर आपला कोट घालून आली. काडीसारखी बारीक बाई. बटणं कशीबशी लागली होती, पण बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर थांबल्या होत्या. तिने दोन्ही हात पुढे केले.

"मास्तर, माझं पोट वाढलं असेल, मानते मी. पण हातही वाढले का?"

वाढलेल्या पोटांसाठी मास्तरांकडे उत्तर होतं, वाढलेल्या हातांसाठी नव्हतं. त्यांनी गळ्यातली टेप हळूच हातात घेतली आणि पहिल्यांदाच तिच्या टोकाकडे नीट बघितलं. काळा वळ.

"हिला लाल दोरा होता," ते पुटपुटले.

"मी सोडला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि दुसरीला बांधला."

"तुला ठाऊक होतं?"

"कापडवाल्याने सांगितलं. म्हटलं एक रविवार खरं मोजावं. पण तुम्ही चालायला लागलात हो! लोकांच्या पँटी बघू की तुमची साखर?"

"म्हणजे मी वाढलो नव्हतो?" कारकून उभा राहिला. "मी महिनाभर क्रीमरोल सोडला!"

"मग फायदाच झाला ना," सिस्टर म्हणाली आणि तिने लिफाफा फोडला. मास्तरांनी डोळे मिटून बायकोचा हात धरला. "साखर उतरलीय मास्तर. अगदी छान नाही, पण उतरलीय. होय ना डॉक्टर? सुई नको सध्या."

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून नुसती मान डोलावली.

"आता काट्यावर चढलाच आहात, तर बोटही द्या," सिस्टर त्यांना म्हणाली. ते नको नको म्हणेपर्यंत तिने थेंब घेतलाही. यंत्रावर आकडा आला. तिने तो मोठ्याने वाचला नाही, मास्तरांच्या जुन्या रिपोर्टाशेजारी धरून डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी उघडा ड्रॉवर पोटाने बंद केला.

"द्या साहेब कोट," मास्तर नरमाईने म्हणाले. "शिलाईत कापड ठेवलंय, सैल करून देतो."

"नको. मीच मावेन त्यात. सोमवारपासून."

मास्तरांनी तो आवाज ओळखला. याच आवाजात ते स्वतः चार दिवसांत कपडे देतो म्हणत. पण त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. त्यांना सगळ्या वस्तीच्या पँटी फुकट उसवून द्यायच्या होत्या.

कोट डॉक्टरांच्या खुर्चीमागे खिळ्यावर लटकत राहिला. डॉक्टर बऱ्याच सोमवारी सुरुवात करत, मंगळवारी कोणीतरी पेढे घेऊन येई. मास्तर मात्र चालत राहिले, आधी भीतीने आणि मग सवयीने. त्यांनाही शेवटी सुई लागलीच, पण कितीतरी वर्षांनी. ती मास्तरीणबाई टोचत. "हलू नका, टीप वाकडी पडेल," म्हणत. मास्तर भिंतीकडे बघत राहत.

डॉक्टर गेले धाकटीच्या लग्नाच्या वर्षी, हिवाळ्यात, दवाखान्यातच. कोट खिळ्यावर होता, कोरा. मास्तर त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी गेले, थोरलीच्या मुलीने शाळा संपवली त्या उन्हाळ्यात, संध्याकाळचं चालून आल्यावर.