फादरांच्या लग्नाची घोषणा

मास्तरांच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि चर्चमध्ये लग्नाची पहिली घोषणा आपणच वाचणार असा मास्तरांचा हट्ट होता. हट्ट कसला, हक्कच! गेली एकोणीस वर्षं मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, शेवटी सगळ्या सूचना तेच वाचत. मग स्वतःच्या पोरीच्या वेळी काय दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं?

घोषणेचा रिवाज साधा. लग्नाआधीचे तीन रविवार वधूवरांची नावं सगळ्यांसमोर वाचायची आणि शेवटी म्हणायचं, कुणाला काही अडथळा माहीत असल्यास फादरांना कळवावं. इथे रविवार नेमके तीनच उरले होते. तिसऱ्या रविवारनंतर सोमवारी लग्न, आणि बुधवारपासून उपवासकाळ. त्या चाळीस दिवसांत लग्नं लागत नाहीत. आणि जावई होता जहाजावर नोकरीला. उपवासकाळ संपायच्या आत तो समुद्रावर जाणार, तो थेट नऊ महिन्यांनी परत. म्हणजे एक रविवार हुकला की लग्न पुढच्या वर्षावर गेलंच म्हणून समजा.

घोषणेचा फॉर्म फादरांनी भरला होता. बिचाऱ्या फादरांकडे तीन चर्च. पूर्वी तिन्हीकडे तीन फादर असत. पण नवे फादर व्हायला पोरं मिळेनात, म्हणून आता बासष्ट वर्षांचे एकटेच स्कूटरवर एका मिस्सेहून दुसरीला पळत. त्या पळापळीत, दोन मिस्सांच्या मध्ये, चहा फुंकत त्यांनी फॉर्म भरला. ‘वर’ या ओळीत स्वतःचं नाव घातलं आणि ‘विवाह लावणारे धर्मगुरू’ या ओळीत जावयाचं.

मास्तर कागद आधी वाचून बघत नसत. तो त्यांना कमीपणा वाटे. शिवाय लेकीचं नाव उच्चारताना डोळे भरून त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली, आणि पुढचं सगळं ते निव्वळ सवयीने वाचत गेले. फादरांचं नाव मागे-पुढे ‘फादर’ नसलेलं, वडिलांच्या नावासकट. अशी त्यांना कुणी कधी हाक मारत नसे. त्यामुळे आपण काय वाचलं हे मास्तरांच्या डोक्यात शिरेपर्यंत तोंड पुढे जाऊन “अडथळा माहीत असल्यास” म्हणूनही मोकळं झालं होतं.

पहिल्या बाकावर मास्तरांची बायको “अगं बाई!” म्हणाली, तेवढाच आवाज. मास्तरांनी आशेने फादरांकडे पाहिलं. फादर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. लोक त्याला ध्यान म्हणत. पण सकाळपासूनची ती त्यांची दुसरी मिस्सा होती, आणि ती चक्क डुलकी होती. शांतता पसरली तशी त्यांना जाग आली. वाचन संपलंय एवढंच त्यांना कळलं. ते उठले, सगळ्यांकडे बघून गोड हसले, आशीर्वाद दिला, आणि तिसऱ्या चर्चच्या मिस्सेसाठी स्कूटरला किक मारून गेलेसुद्धा!

“हसले हो फादर!” बेकरीवाली काकू म्हणाली. “लाजून हसले!”

“काकू, चूक झालीय,” मास्तर धावत खाली आले. “फॉर्ममध्ये चूक…”

“आता कशाला लपवताय? स्वतःच्या तोंडाने वाचलंत.”

खरी गोची इथेच होती. दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर लोक हसून घरी गेले असते. पण मास्तर म्हणजे फादरांनी लग्न करू नये या मताचे एक नंबरचे कट्टर. हा विषय निघाला की ते हातातला कप खाली ठेवून बोलत. “नियम आहे तो बरोबर आहे. फादर कमी पडतायत ते लग्नाच्या बंदीमुळे नव्हे, आयांमुळे! एकही आई आपला मुलगा देवाला द्यायला तयार नाही. त्याग नको कुणाला!” हे पॅरिशमधल्या, म्हणजे या चर्चच्या हद्दीतल्या, प्रत्येक आईने दहा-दहा वेळा ऐकलेलं होतं. तोच माणूस आपली मुलगी फादरांना देतोय म्हटल्यावर लोकांनी सरळ हिशोब मांडला: नियमच बदलला असणार! नाहीतर मास्तर आणि हे? शक्यच नाही.

“वय जरा जास्त आहे,” सुतारकाका म्हणाले, “पण माणूस निर्व्यसनी.”

“अहो सुतारकाका, माझा जावई तो नाही!”

“मला काही हरकत नाही, मास्तर. कुणाचीच नाही. विचारून बघा.”

खरोखरच कुणाची हरकत नव्हती. उलट बेकरीवाली काकू तरातरा चर्चच्या ऑफिसात गेली आणि कारकूनबाईंना म्हणाली, “ती वही काढा. फादर व्हायला नावं द्यायची वही.” अकरा वर्षांपूर्वी आणलेली ती वही कोरी करकरीत होती, कारकूनबाई तिच्यावर कुंडी ठेवत. कुंडी उचलली गेली. “माझ्या धाकट्याचं नाव घाला. पोरगा पहिल्यापासून भाविक आहे, फक्त नातवंडांचं काय म्हणून मी अडवत होते.” तिच्यामागे आणखी चौघींची रांग लागली. अर्ध्या तासात वहीत पाच नावं!

दुपारी फादर परतले, वही पाहिली आणि मटकन खुर्चीत बसले. पाच! कुठून आली, कशी आली, काही विचारायच्या आत त्यांनी बिशपसाहेबांना फोन लावला. मास्तर धापा टाकत ऑफिसात पोचले तेव्हा फादर फोनवर अक्षरशः नाचत होते.

“पाच, साहेब! एका सकाळी! … काय मास्तर? … काय वाचलंत? … माझं?” फादरांनी फोनवर हात ठेवला. फॉर्म मागवून बघितला. चेहरा पांढराफटक. “अरे देवा. वरच चुकला म्हणजे ही घोषणा धरताच येणार नाही.”

“मग माझ्या पोरीचं लग्न?”

“एका घोषणेची सूट द्यायला लागेल. ती बिशपच देऊ शकतात.” फादरांनी पुन्हा फोन कानाला लावला, चाचरत सगळं सांगितलं. पलीकडून इतकं मोठं हसू आलं की फोन कानापासून लांब धरावा लागला. पाच पोरं देणाऱ्या पॅरिशला एक सूट म्हणजे काहीच नाही, असं बिशपसाहेब म्हणाले. गुरुवारी ते स्वतः येणार, पोरांना भेटणार आणि सहीचं पत्र मास्तरांच्या हातात देणार.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तो जेमतेम दोन मिनिटं तिथे राहिला. कारण दारात बेकरीवाली काकू उभी होती.

“फादर, एक विचारायचं राहिलं. पोरांनी लग्न सेमिनरीत फादर व्हायचं शिकत असतानाच करायचं, की फादर झाल्यावर?”

त्यानंतर ऑफिसात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. नियम जिथल्या तिथे आहे हे कळताच काकूने कारकूनबाईंच्या हातातलं पेन ओढून आपल्या धाकट्याच्या नावावर काट मारली. सोमवारी दुसरी काट, मंगळवारी आणखी दोन.

“बिशपसाहेब येऊन बघणार काय?” फादरांनी डोकं धरलं. “म्हणतील, पाच पोरांचं आमिष दाखवून सूट उकळली. निदान एक तरी नाव हवं हो, मास्तर!”

मग मास्तरांनी छत्री घेतली आणि घरोघर हिंडायला सुरुवात केली. पाच घरं, पाच आया. त्यागावर भाषण दिलं, देवाच्या बोलावण्यावर दिलं, शेवटी हात जोडले. “नुसतं गुरुवारपुरतं राहू द्या नाव. माझ्या लेकीचं लग्न अडकलंय हो!”

“मास्तर,” पाचवी आई शांतपणे म्हणाली आणि आपल्याही पोराचं नाव काढायला चप्पल घालू लागली, “तुमच्या घरी आहे की एक.”

मास्तर तडक घरी आले. घरात त्यांचा एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा, पंप दुरुस्तीच्या कारखान्यात चांगला फोरमन, बहिणीच्या लग्नासाठी दिव्यांच्या माळा तपासत बसला होता. लग्न होणार की नाही हे विचारायला जावयाचा फोन येऊन गेला होता, मुलगी रडून रडून झोपली होती.

“काय झालं, बाबा?” मुलाने विचारलं.

“लोकांना त्याग नको,” मास्तर म्हणाले आणि पांघरूण घेऊन आडवे झाले.

गुरुवारी बिशपसाहेब आले. आल्या आल्या खुर्चीत बसून म्हणाले, “कुठे आहे ती वही? आणि माझी पोरं?” फादरांनी वही पुढे केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. मास्तरांना घाम फुटला. त्यांची बायको मुलीचा हात धरून बाकावर बसलेली.

बिशपसाहेबांनी पान बघितलं. “पाच काटा,” ते म्हणाले. “आणि खाली एक नाव. हे कुणाचं?”

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मास्तरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग मागून त्यांचा मुलगा पुढे आला. कामावरच्याच कपड्यांत होता.

“मी लिहिलंय. आज सकाळी. पण मनात दोन वर्षांपासून आहे.”

“ताईच्या लग्नासाठी करतोयस होय रे?” मास्तर ओरडले. “वेड्या, त्यासाठी असलं काही करायचं नसतं!”

“नाही, बाबा. ताईचं लग्न झाल्यावर सांगणारच होतो. धीर होत नव्हता.”

“मला सांगायला धीर? अरे, मी तर जन्मभर हेच सांगत आलो!”

“तुम्ही दुसऱ्यांच्या मुलांबद्दल सांगत होता.”

मास्तरांची बायको रडायला लागली, मग नवऱ्याचा चेहरा बघून हसायला लागली, मग दोन्ही एकदम. ताईने भावाला मिठी मारली. फादर तर उघड उघड डोळे पुसत होते. अकरा वर्षांनी वहीत एक खरं नाव आलं होतं. बिशपसाहेबांनी मुलाशी तासभर एकांतात बोलून घेतलं, बाहेर येऊन पत्रावर सही ठोकली आणि ते मास्तरांच्या हातात दिलं. लग्न ठरलेल्या सोमवारीच.

मास्तर त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. पत्र छातीशी धरलेलं. गाडीचं दार लावून झालं तरी ते खिडकीपासून हलेनात.

“काय मास्तर, खूश ना?” बिशपसाहेबांनी काच खाली केली.

“खूश आहे, साहेब. अभिमानच आहे.” मास्तरांनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि खिडकीत वाकले. “एक विचारायचं होतं. तो फादर लोकांच्या लग्नाचा नियम… बदलायचा म्हटला तर साधारण किती वर्षं लागतात?”

बिशपसाहेब बघतच राहिले. “तुम्ही विचारताय?”

“घाई नाही,” मास्तर म्हणाले. “पण मी अडुसष्ट वर्षांचा आहे, आणि मुलाकडच्या नातवालाही मांडीवर घ्यायचंय. तेवढं रोमला कळवा.”