कपडा बोलते वं बाई

पंचशीलाबाई कपड्याला कान लावतात.

आपण कापड चोळून बघतो, उजेडात धरतो, फार तर रंग जाईल का म्हणून विचारतो. त्या पदर मुठीत गोळा करतात, उजव्या कानाशी नेतात आणि डोळे मिटून चुरगळतात. दुकानदार बिचारा तोंड उघडं टाकून बघत राहतो. मग डोळे उघडून त्या निकाल देतात. "हा खरा बोलून राहिला." नाहीतर, "लबाड हाय. सांगते सिल्क, अन् आवाज प्लास्टिकच्या पन्नीचा."

"कपडा बोलते वं बाई," हे मला दिवसातून एकदा तरी ऐकावं लागतं. "मानूस खोटं बोलन, कपडा नाही बोलत."

हे खरं निघत असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण बुद्धजयंतीच्या आधी त्यांनी असंच कान लावून पडद्याचं कापड आणलं. पहिल्याच धुण्यात पडदे आटले आणि अर्ध्या खिडकीवर येऊन थांबले. बाई जरासुद्धा ओशाळल्या नाहीत. "कपडा खराच बोलला होता," म्हणाल्या, "पानी लबाड निघालं."

आमचं आणि त्यांचं क्वार्टर भिंतीला भिंत लागून आहे. त्यांचे मिस्टर आणि आमचे हे इथल्या स्टील प्लांटात एकाच खात्यात होते. मिस्टर वारले, मुलगा पुण्याला नोकरीला गेला, क्वार्टर लीजवर घेतलेलं होतं म्हणून बाई इथेच राहिल्या. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्या सगळ्या ओळीला पाठ आहेत. शिट्टी होते, होते, होतच राहते. शेवटी कोणीतरी जाऊन गॅस बंद करतं. "राहू द्या न," बाई म्हणतात, "मले डाळ घोटाचा कंटाळा. शिट्ट्याच घोटून देतात."

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. बाई फोन कानाला लावतात. तिकडे मुलाला, सुनेला, नातीला बाईंचा कान दिसतो आणि कानातली कुडी दिसते. "आई, फोन समोर धर," असं तो ओरडत असतो आणि बाई कान आणखी घट्ट दाबतात. त्या नातीला आजी म्हणजे एक कान, असंच वाटत असणार.

दुपारी त्या तांदूळ पाखडायचं सूप घेऊन माझ्या दारच्या ओट्यावर येऊन बसतात आणि बोलतात. एकट्याच बोलतात. मला चार माणसांत बोलता येत नाही, दोन माणसांतही येत नाही. मी नुसती मान हलवते. तेवढ्यावर त्यांचं भागतं.

एवढं सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी प्रज्ञा त्यांना मोठी आई म्हणते.

लहान होती तेव्हापासून म्हणते. त्या मोठी आई, मग मी कोण? लहान आई? एकदा धीर करून मी हे तिला विचारलं. ती म्हणाली, "आई, तुले काय, तू त आईच आहे." म्हणजे माझ्या नावापुढे काही लावायचीसुद्धा गरज नाही.

प्रज्ञा कुम्हारीला शाळेत शिकवते. संध्याकाळी तिची स्कूटी फाटकाशी वाजली की मी चहा टाकते. चहा उकळतो, गाळला जातो, निवतो. आमच्या प्रज्ञाबाईसाहेब शेजारच्या दारात उभ्या असतात, मोठी आईच्या कानाला तोंड लावून. काहीतरी सांगते, दोघी खो खो हसतात. माझ्यासमोरसुद्धा तसंच. मी तिथेच बसलेली असते, तरी ही उठून त्यांच्या उजव्या बाजूला जाते आणि कानात सांगते. माझ्या कानात तिनं कधी काही सांगितलं नाही. मला सांगते ती लांबूनच, स्वयंपाकघरात ओरडून. "आई, माझा डबा भर!"

लग्न ठरलं तेव्हाही तेच. मुलगा गोंदियाचा, रेल्वेत आहे. फोटो आला तो आधी मोठी आईनं पाहिला. मी दुसरी.

म्हणून साडीच्या वेळेस मी मनात ठरवलं होतं. आमच्याकडे विहारात लग्न लागतं, नवरी पांढरी साडी नेसते. माझं लग्न पांढऱ्या पातळात झालं होतं, त्याला बोटभर निळा काठ होता. प्रज्ञालाही तसाच निळा काठ घ्यायचा आणि लग्नाच्या दिवशी मीच तिला साडी नेसवायची. पोळ्या लाटताना मी वाक्य पाठ केलं, "प्रज्ञा, निळ्या काठाची बघ." एवढंच तर म्हणायचं होतं.

सकाळी निघालो तर पंचशीलाबाई ऑटोत आधीच बसलेल्या. "चला न वं, उशीर होऊन राहिला!"

दुर्गच्या बाजारात दुकान मोठं होतं. गादीवर दुकानाचे म्हातारे मालक आणि समोर एक नवीन सेल्समन. पंचशीलाबाई मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "भैया, सफेद साड़ी दिखाओ. अच्छी वाली. बेटी के लिए."

त्या सेल्समन मुलाचा चेहरा पडला. त्यानं पायातल्या चपला बाजूला काढल्या, हात जोडले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कब हुआ, माताजी?"

"हुआ नहीं, मई में है."

तो गोंधळला. आणखी हळू बोलला, "मई में? पहले से पता है?"

"पता नहीं रहेगा तो हॉल कैसे मिलेगा?"

"उम्र क्या है?"

"पच्चीस."

"अरे राम. डॉक्टर क्या बोले?"

"हाँ हाँ, सब राजी हैं," पंचशीलाबाई खुशीत म्हणाल्या. "उधरवाले तो बोले, एप्रिल में ही निपटा दो."

मुलाच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. "और ये साड़ी..."

"लड़की को ही पहनना है. खुद पसंद करने आई है." असं म्हणून त्यांनी प्रज्ञाला पुढे ढकललं.

तो प्रज्ञाकडे बघतच राहिला. प्रज्ञा हसून हसून गादीवर आडवी झाली. शेवटी मालकच ओरडले, "अरे पगले, मातम नहीं, शादी है! ये नागपुर तरफ के बौद्ध लोग हैं, इनकी दुल्हन सफेद पहनती है. ऊपरवाला माल निकाल!"

सगळं दुकान हसलं. मीही हसले असते, पण तेवढ्यात मुलानं पंचशीलाबाईंसमोर कान पकडले. "माफ करना माताजी, आपकी बेटी सौ साल जिए." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मौसीजी, आप भी आगे आइए न."

मौसीजी! प्रज्ञा आडवी झालेली, तिनं ऐकलं नाही. पंचशीलाबाईंनी ऐकलं असेल, पण त्या गप्प. मान डोलावून सौ साल घेतले आणि पुढे बसल्या.

ढीग पडला. पांढऱ्यात इतके पांढरे असतात ते मला माहीत नव्हतं. सोनेरी काठाची आली. पंचशीलाबाईंनी कान लावला. "लबाड." चंदेरी बुट्ट्यांची आली. "हा त बोलतच नाही. मुका हाय." ढिगाच्या तळाशी एक निळा काठ जरासा बाहेर आला होता. मी त्याच्याकडे बघत होते. वाक्य जिभेवर होतं. जीभ उचलत नव्हती.

"भैया, वो नीचेवाली खींचो," पंचशीलाबाई म्हणाल्या. नेमकी तीच. कान लावला, डोळे मिटले. "हा खरा बोलून राहिला."

प्रज्ञा ती खांद्यावर घेऊन आरशासमोर उभी राहिली. मला माझ्या लग्नाचा दिवस आठवला. आणि ती वळली, सरळ मोठी आईकडे गेली, कानाशी वाकून काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. पोरगी माझी, मनातली साडी माझी, आणि सगळी वाहवा त्या कानाची.

फॉल-पिकोला साडी द्यायला प्रज्ञा गल्लीत गेली. आम्ही दोघी उसाच्या रसाच्या गाडीजवळ थांबलो. पंचशीलाबाई रस्त्याकडे बघत होत्या, मी त्यांच्या डाव्या बाजूला. माझं डोकं तापलं होतं. इतक्या वर्षांचं एकदम वर आलं आणि मी बोलले. चांगली मोठ्यानं बोलले, रसवाल्यानं चरक थांबवला.

"काय सांगते माझी पोरगी तुमाले कानात? मले सांगन्यासारखं नाही काय ते?"

पंचशीलाबाई रस्त्याकडेच बघत म्हणाल्या, "हो, बर्फ कमीच टाकाले सांगा. दाताले लागते."

रसवाला फिस्सकन हसला. मला वाटलं, टाळतात. मी पुन्हा म्हटलं, "पंचशीलाबाई!" त्या वळल्या नाहीत. तिसऱ्यांदा हाक मारली. एक बाई पलीकडच्या दुकानातून वळून बघायला लागली, या नाही.

मी फिरून त्यांच्या समोर गेले. माझं तोंड पाहून त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"काही बोलल्या काय तुमी?" त्यांनी विचारलं. "तुमी त बोलतच नाही न वं."

मग त्यांनी उजव्या कानावर बोट ठेवलं. "यानं थोडं येते. अगदी जवळून. बाकी समोरच्याच्या तोंडाकडे पाहून वळखते. तिकडचा त कधीचाच गेला."

मला कुकर आठवला. रविवारचा फोन आठवला. मी त्यांच्या तोंडासमोर उभी राहून तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"प्रज्ञानं मांगून हाका मारल्या होत्या एकदा, मी वळलीच नाही. तवापासून तिले माहीत हाय. कानाले मशीन लावा म्हनून मांगं लागली हाय. अन् काही नाही सांगत हो कानात. 'मोठी आई, पाऊस येऊन राहिला, कपडे काढा.' 'मोठी आई, आज शाळेत पोरं भांडली.' जे तुमाले वरडून सांगते, थेच मले."

त्यांनी रसवाल्याकडे पाठ केली आणि पुढे म्हणाल्या,

"पोराले नका सांगू. तो पुन्याले नेईन. तिथं कोनी बोलन, मी भलतंच बोलीन, सून हासन. इथं मी आधीच बोलत सुटते, कोनाले काही विचाराची जागाच नाही ठेवत." त्यांनी पदर मुठीत घेतला. "कपडा कानाले लावता येते, बाई. मानसाले कसं लावू?"

"मंग आजची साडी? खरा बोलला म्हने कपडा."

"कायचा बोलन? दुकानात एवढे पंखे. तुमचे डोळे बोलले न. किती वेळच्या त्या निळ्या काठावर बसल्या होत्या. मी बस वढून काढली." मग म्हणाल्या, "म्हनून त रोज तुमच्याच ओट्यावर येते. तुमी बोलत नाही, त मले ऐकू नाही येत हे माह्यं मलेच आठवत नाही."

प्रज्ञा गल्लीतून येताना दिसली. मी पटकन पंचशीलाबाईंच्या उजव्या बाजूला गेले. त्यांच्या कानाला खोबरेल तेलाचा वास होता. जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या कानात बोलले.

"साडी मी नेसवीन. तुमी पदर धरा."

"हो न!" त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की रसवाला पुन्हा थांबला. "नेसवा तुमीच. आई कोन हाय तिची?"

प्रज्ञा आम्हा दोघींच्या तोंडाकडे बघायला लागली. "काय झालं? आई, काय सांगितलं तू मोठी आईले?"

"तुले कावून सांगू?" मी म्हटलं. "आमचं हाय ते."

तिचं तोंड एवढंसं झालं. घरी येईपर्यंत ऑटोत तिनं मला दोनदा विचारलं. मी काही सांगितलं नाही.