हेडसरांचं उड्डाण

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर एक खुर्ची आणा. जेवणाच्या टेबलाची नव्हे, सलूनमधली. लोखंडी, वजनदार, पाठीला लाल रेक्झिन, डोकं टेकायला उशी. खाली एक दांडा. तो पायानं थोडा दाबून सोडला की खुर्ची चार बोटं वर. पुन्हा दाबून सोडला, पुन्हा चार बोटं वर. आणि दांडा थेट जमिनीला टेकेपर्यंत दाबून धरला की खुर्ची लांब उसासा टाकत खाली. शिवाय ती गोल फिरते, मागे कलते. आता सांगा, हे काय आहे?

‘खुर्ची’ म्हणालात ना? तुमच्यात आणि भिंगरीत हाच फरक. भिंगरीच्या मते ते विमान होतं, आणि काहीतरी गोंधळ होऊन ते तिच्या बाबांच्या सलूनमध्ये आलं होतं.

भिंगरी पाचवीत होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपलीकडे कुणी घेत नसे, कारण त्या नावाची मुलगी एका जागी सापडायचीच नाही. बाबांचं सलून घराच्या पुढच्याच खोलीत. एक खुर्ची, एक आरसा, आरशाखाली फणी-कात्र्यांची फळी, बाजूला उंच कपाट आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. त्या बाकावर रोज सकाळी एक आजोबा येऊन बसत. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ते फुकटचा पेपर वाचायला आणि फुकटचा रेडिओ ऐकायला येत, आणि त्या बदल्यात फुकटचे सल्ले देत.

खुर्चीचीही एक गोष्ट होती. भिंगरीच्या वडिलांचे वडील होते ताडमाड उंच. दिवसभर वाकून पाठ धरते म्हणून त्यांनी ही खुर्ची खास सांगून बनवून घेतली होती. ती इतर खुर्च्यांच्या दुप्पट वर जायची. बाबा मात्र बेताच्या उंचीचे. त्यांनी ती कधी निम्म्याच्या वर नेलीच नव्हती.

आरशाच्या कोपऱ्यात भिंगरीनं पेपरातला एक फोटो चिकटवला होता. कापडी पंखांच्या विमानाशेजारी एक तरुण मुलगी, कपाळावर चष्मा, दोन्ही हात कमरेवर. ती आता आजी झाली होती. पण गावातून डोंगरापलीकडे एकटीनं विमान नेणारं पहिलं माणूस तीच. सगळे तिला विमानबाई म्हणत. एकदा रेडिओवर तिची मुलाखत लागली होती. भिंगरी तिचा शब्द न् शब्द प्यायली. “पट्टा बांधल्याशिवाय मी कुणाला विमानात बसू देत नाही,” विमानबाई म्हणाल्या होत्या. “यंत्राला तेल आपल्या हातानं घालावं. आणि एकदा वर गेलात की उंची सोडू नका.” मग निवेदक म्हणाला, “आता विमान उतरवण्याविषयी सांगा,” आणि नेमकं तेव्हाच बाकावरच्या आजोबांनी बाजारभाव ऐकायला स्टेशन बदललं.

भिंगरीला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. उडण्याबद्दल सगळं कळलं होतं. उतरण्यात काय एवढं असतं?

आणि एक दिवस शाळेत बातमी आली. शनिवारी विमानबाई येणार! आपलं छोटं दोन जागांचं विमान शाळेमागच्या मोठ्या माळावर उतरवणार, आणि एका मुलाला शेजारी बसवून गावावरून एक चक्कर मारणार. ते मूल कोणतं, हे हेडसर ठरवणार.

“मीच,” भिंगरीनं घरी येऊन जाहीर केलं.

“ते कशावरून?” आईनं विचारलं.

“बाकीच्यांना सराव कुठे आहे?”

सराव खरंच होता. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी भिंगरी खुर्चीत बसून डोंगर ओलांडत असे. एकच अडचण होती. खुर्ची जुनी, त्यात दांडा ढिला. जरा कुठे उंची गाठावी, तर दांडा आपल्याच वजनानं जमिनीला टेके आणि खुर्ची थकलेल्या म्हशीसारखी बसकण मारी. म्हणून शनिवारी सकाळी भिंगरीनं आपलं यंत्र स्वतःच्या हातानं नीट करायला घेतलं. आधी सांध्यासांध्यात तेल घातलं. मग तुटक्या ब्रशची लाकडी मूठ दांड्याखाली घट्ट ठोकून बसवली. आता दांडा जमिनीला टेकणं शक्यच नव्हतं. उंची सुटायचा प्रश्न मिटला.

राहिला पट्टा. इतके दिवस ती दोरी बांधायची, पण आज दोरी काही शोभेना. खुंटीवर वस्तऱ्याला धार लावायचा चामडी पट्टा लटकत होता. तोही उंच आजोबांच्याच वेळचा. भिंगरीनं त्याच्या टोकाला जुन्या दप्तराचं बक्कल लावलं, खुर्चीच्या पाठीमागून पट्टा फिरवला आणि बक्कल मागच्या बाजूला अडकवलं. मग खालून सरपटत आत शिरली, दोनतीन डोंगर ओलांडले आणि पुन्हा खालूनच माशासारखी निसटली. बक्कल सोडायची तिला गरजच पडली नाही.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर साक्षात हेडसर.

“दाढी,” हेडसर बाबांना म्हणाले. “गुळगुळीत. थोड्याच वेळात विमानबाई येतील. स्वागताचं भाषण माझं आहे.”

हेडसर म्हणजे भरदार माणूस. खुर्चीत बसले की खुर्ची दिसायची नाही. बाबांनी त्यांच्या अंगावर पांढरं कापड घातलं, तोंडावर गरम टॉवेल ठेवला आणि साबणाचा फेस करायला आत गेले. भिंगरीला वाटलं, आपली तयारी सरांना दाखवायची तर हीच वेळ.

“सर, पट्टा बांधू का? विमानबाई कुणालाच पट्ट्याशिवाय बसू देत नाहीत.”

टॉवेलच्या उबेत हेडसरांना डुलकी लागत होती. “हूं,” ते म्हणाले.

भिंगरीनं मागचं सैल बक्कल सोडलं, कापडाखालून पट्टा घेतला, पोटावरून फिरवला, मागे जाऊन पाय भिंतीला लावले आणि सगळा जोर लावून ओढला. बक्कल शेवटच्या भोकात बसलं. काम चोख झालं.

बाबा आले. फेस लावला. वस्तरा उचलला आणि खुंटीकडे हात नेला.

“पट्टा कुठे गेला?”

“फळीवर बघा,” आजोबा पेपरातूनच म्हणाले.

बाबांनी फळी बघितली, कपाट बघितलं, बाकाखाली वाकून बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भिंगरी सांगणारच होती, पण तेवढ्यात हेडसर जागे झाले.

“अहो, किती वेळ? आणि खुर्ची जरा खाली घ्या, मान अवघडली.”

“घेतो, सर.” बाबांनी दांडा दाबला. तो खाली मुठीवर अडला. बाबांनी पाय काढला. खुर्ची चार बोटं वर गेली.

“खाली म्हटलं मी.”

“हो, हो.” बाबांनी पुन्हा दाबला. खुर्ची पुन्हा वर.

आता यात बाबांची काय चूक? बारा गावचं पाणी प्यालेला माणूससुद्धा दांडा अडला की जोरात दाबतो, आणि नाही जमलं की आणखी जोरात दाबतो. आणि तेलपाणी तर झकास झालं होतं. खुर्ची लोण्यातून गेल्यासारखी वर निघाली. आधी आरशातून हेडसरांचं तोंड गेलं. मग छाती गेली. मग पोट. शेवटी आरशात फक्त दोन काळे बूट लोंबताना दिसू लागले.

“पंखा बंद करा, पंखा,” आजोबा म्हणाले. या वेळी मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला.

भिंगरीनं धावत जाऊन छताचा पंखा बंद केला.

“मी उडी मारतो,” वरून आवाज आला. मग थोडी धडपड ऐकू आली. “मला कुणी बांधलंय?”

बाबांनी कापड उचलून बघितलं आणि त्यांना एकदम दोन गोष्टी कळल्या. पट्टा कुठे आहे ते, आणि तो तिथे कुणी नेला ते. ते स्टूल घेऊन मागे गेले. बक्कल जुनं, गंजलेलं, त्यात पोटाचा ताण. ते सुटेना.

“कापून टाका तो पट्टा,” हेडसर म्हणाले.

“सर, तो माझ्या वडिलांचा आहे.”

“आणि आतला माणूस कुणाच्या वडिलांचा नाही का?”

बाबांनी वस्तरा हातात घेतला. स्टूल डुगडुगत होतं. ते बघून हेडसर म्हणाले, “राहू द्या. आहे तेच बरं आहे.” मग शांतपणे इकडेतिकडे बघत बसले. तपासणीची सवय सुटत नाही. “कपाटावर धूळ आहे,” ते म्हणाले.

भिंगरी खाली उभी होती. आपलं विमान इतकं वर गेलेलं तिनंही कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला अभिमानच वाटला. पण मग वरून हेडसरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या गालांवरचा फेस वाळून चुन्यासारखा झाला होता.

“भिंगरे, आज त्या विमानाच्या आसपासही मला दिसायचं नाहीस.”

एवढे डोंगर ओलांडले, ते सगळे फुकट.

इतक्यात शाळेचे शिपाईकाका धापा टाकत दारात आले. “सरांना बघितलंत का? विमानबाई केव्हाच उतरल्या. माळावर सगळे वाट बघतायत.”

आजोबांनी नुसतं बोट वर केलं. शिपाईकाकांनी वर बघितलं, नमस्कार केला, आणि काही न विचारता पळाले. थोड्या वेळानं ते परत आले, तेव्हा त्यांच्यामागे एक बुटकी, गोल चष्म्याची आजी होती. साधी चप्पल, हाताला काळं ग्रीस. फोटोतली मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती ना? ही आजीही दारात येऊन तशीच उभी राहिली. भिंगरीला श्वास घ्यायची आठवण राहिली नाही.

हेडसरांनी घसा साफ केला. भाषण पाठ होतं, ते वाया कसं घालवायचं?

“आपलं या गावात मनःपूर्वक स्वागत असो,” छताजवळून ते म्हणाले. “उभं राहून करणार होतो. पण ही खुर्ची...”

“असू द्या,” विमानबाई म्हणाल्या. “माझं स्वागत इतक्या उंचावरून आजवर कुणी केलं नाही.” त्या गुडघे टेकून जमिनीवर बसल्या आणि दांड्याखाली डोकावल्या. “ही मूठ कुणी ठोकली?”

“मी,” भिंगरी म्हणाली. “उंची सुटू नये म्हणून. तुम्हीच सांगितलं होतं.”

“तेलही तूच घातलंस?”

“हो. आणि पट्टाही मीच बांधला.”

“माझी मुलाखत ऐकली होतीस तर. पूर्ण ऐकलीस?”

भिंगरीनं बाकाकडे बघितलं. आजोबांनी घाईघाईनं पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. तो उलटा होता.

“उतरवायचा भाग राहिला,” भिंगरी हळूच म्हणाली.

“अगं, निम्मं विमान चालवणं तिथेच असतं.” विमानबाईंनी मूठ उपसून काढली. “चल, वर नेलंस तूच, खालीही तूच आण. सावकाश. तुझा प्रवासी म्हातारा आहे असं समज.”

“मी म्हातारा नाही,” वरून आवाज आला.

भिंगरीनं दांड्यावर पाय ठेवला. तो पुरेना. तिनं दोन्ही पाय ठेवले, फळीला धरलं आणि सगळं वजन टाकलं. दांडा जमिनीला टेकला. खुर्चीनं लांब उसासा टाकला. आरशात आधी पोट आलं, मग छाती, मग फेसाचं तोंड. खुर्ची जमिनीशी आली ती इतकी अलगद, की बाबांच्या फळीवरची फणीसुद्धा हलली नाही.

“आता बक्कल,” विमानबाई म्हणाल्या. “दुकानात तेल आहे का?”

सलूनमध्ये तेल आहे का! भिंगरीनं केसांच्या तेलाची बाटली आणली. सकाळी सगळ्या सांध्यांना तेल घातलं होतं, नेमकं बक्कल तेवढं राहिलं होतं. चार थेंब आत गेले आणि बक्कल सुटलं. हेडसर उठून उभे राहिले आणि जमीन आहे ना, याची पावलानं खात्री करून घेतली.

“वर भीती वाटली का हो?” विमानबाईंनी सहज विचारलं.

आता गावातला पहिला वैमानिक समोर उभा असताना ‘हो’ म्हणायचं कसं?

“छे, छे,” हेडसर म्हणाले. “बिलकूल नाही.”

“दुसरा एखादा असता तर घाबरला असता.”

“पट्टा भक्कम होता ना. हलायलासुद्धा जागा नव्हती. आणि उतरताना तर...” ते थांबले. विमानबाई हसत होत्या. बाबा खाली मान घालून फेस ढवळत होते. आपण काय बोलून बसलो, ते हेडसरांना कळलं.

“म्हणजे प्रवाशाची काही तक्रार नाही,” विमानबाई म्हणाल्या. “मग माझ्या शेजारी कोण बसणार?”

हेडसरांनी भिंगरीकडे बघितलं. मग कपाटाकडे. मग पुन्हा भिंगरीकडे.

“हिलाच न्या,” ते म्हणाले. “इथे ठेवली तर माझी खुर्चीसुद्धा उडवील.”

अशी आपली भिंगरी त्या दिवशी खऱ्या विमानात बसली. माळावर सगळी शाळा जमली होती. पुढे बाबा, शेजारी बाकावरचे आजोबा, आणि घाईघाईत दाढी उरकल्यानं एक गाल तसाच राहिलेले हेडसर. भिंगरीनं पट्टा लावला. लगेच सोडला. पुन्हा लावला, पुन्हा सोडला.

“हे काय चाललंय?” विमानबाईंनी विचारलं.

“सुटतो की नाही, ते आधी बघतेय.”

“शाब्बास.” विमानबाईंनी कपाळावरचा उडायचा चष्मा डोळ्यांवर ओढला. पुढचा पंखा गरगरू लागला. गवत आडवं झालं. मुलं ओरडू लागली. “तयार?”

भिंगरी तयारच होती. सगळं झालं होतं. तेल झालं होतं, पट्टा झाला होता, उतरणंही शिकून झालं होतं. पण सकाळपासूनच्या या धांदलीत एक काम मात्र राहून गेलं होतं, आणि त्याची आठवण तिला नेमकी आत्ता झाली. तुम्हीही घरातून निघताना ते विसरता आणि मग गाडीत बसल्यावर आईकडे बघता, तेच.

“बाई, जरा थांबाल?” ती म्हणाली.

पट्टा पहिल्या झटक्यात सुटला. भिंगरीनं खाली उडी मारली आणि सगळ्या शाळेच्या देखत, वाऱ्यासारखी, शाळेच्या बाथरूमकडे पळाली. पळता पळता मागे वळून ओरडली, “माझी जागा धरून ठेवा हं, मी आलेच!”