मस्तगडच्या गल्लीतला महापूर

बेबीनंदाने नवऱ्याला पिंप आणायला पाठवलं होतं, हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं. पुढे जे घडलं त्याचा दोष तिच्याकडे येतोच, पण तो पिंपाच्या वाटेने येतो.

साल त्र्याहत्तर, दुष्काळाचं. जालन्यात मस्तगडच्या मागच्या गल्लीत दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि अठरा घरांना घरटी चार घागरी पाणी द्यायचा. त्या चार घागरींत सासू, नवरा, ती स्वतः आणि आठ महिन्यांची छकुली. बेबीनंदा औरंगाबादेहून राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. छकुलीचं पाणी ती घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायची, गाळायची, पुन्हा उकळायची आणि तरीही भांड्यात वाकून बघायची, काही हलत तर नाही ना. झाकणाचं एक पिंप असावं, पाणी उघड्यावर राहू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

जलव्यवहार कचेरीच्या गोदामातल्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला तेव्हा तातेराव गुरुजी पिंपासाठी गेले. यादीत लिहिलं होतं : "लॉट नंबर सात. पिंप, लोखंडी, एक. नौका, अल्युमिनियम, यंत्रासह, एक." सुटं मिळणार नव्हतं. गोदावरीला पूर आला तर घनसावंगीकडे कामी यावी म्हणून ही नौका कधीतरी मागवलेली होती. पूर आला तेव्हा गोदामाची किल्ली सापडेना आणि किल्ली सापडली तेव्हा पूर ओसरलेला.

बैलगाडी दारात येऊन उभी राहिली. पिंपाला बूड नव्हतं.

गिरिजाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या आईने, होडीभोवती एक फेरी मारली. अल्युमिनियमला त्या, साऱ्या गल्लीसारखंच, जर्मन म्हणायच्या. "तात्या, जर्मनची एवढी मोठी परात कोण्या लग्नाची आणली रे?"

"माय, होडी हाय ती."

"असं का? मंग नदी कव्हा आणतो?"

गुरुजींनी पावती बायकोच्या हातात दिली. पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरात अटी छापल्या होत्या, आणि बारीक अक्षर वाचणारं त्या घरात एकच माणूस होतं. अट सहावी : "खरेदीदाराने नौका नव्वद दिवसांत दुरुस्त करून तपासणीस सादर करावी, अन्यथा शासकीय मालमत्तेची हेळसांड समजून कारवाई करण्यात येईल."

"अहो, कारवाई म्हणजे काय करतील?"

"ते लिहिलेलं नसतं, नंदा. म्हणून तर भीती वाटते." गुरुजी प्राथमिक शाळेत कायम होऊन सहाच महिने झाले होते.

सोबत नोंदणीचा फॉर्मही होता. आठ रकाने सरळ होते. नववा असा : "नौका ज्या जलाशयात वापरली जाईल त्याचे ठिकाण व खोली."

आता, त्या घराचा एक नियम होता. रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या रकान्याचा फॉर्म परत येतो. गुरुजींनी पहिलीतल्या एकेचाळीस पोरांना एकाच दिवशी, एक जूनला, जन्माला घातलं होतं, ते याच नियमाने. आयांना तारीख विचारली तर त्या "ज्वारी काढायच्या वक्ताला झाला" म्हणायच्या, आणि रकान्यात ज्वारी मावत नव्हती. खुद्द गुरुजीही एक जूनचेच होते. बेबीनंदाही. तिने टाक उचलला आणि लिहिलं : "घरासमोर. दोन फूट." होडी घरासमोर होती आणि तिची आतली खोली टेपने मोजून दोन फूट भरली होती. एकही अक्षर खोटं नव्हतं.

दुरुस्तीला भुजंग मेकॅनिक आला. विहिरींवरचे पंप दुरुस्त करणारा माणूस, विहिरी आटल्यापासून रिकामाच होता. त्याने होडीला बोटाच्या पेराने टिचक्या मारल्या, जसं टरबूज बघतात.

"वैनी, हे जर्मनचं काम लई नाजूक. याला कल्हई धरत न्हाई, झाळायचा डाग धरत न्हाई. रिव्हेटा ढिल्या झाल्यात. म्या म्हणतो, सरळ डांबर फासू."

"डांबर बिलकुल नको!" बेबीनंदा इतक्या जोरात म्हणाली की पाळण्यातली छकुली दचकली. होडीत पाणी असण्याचा अजून काही प्रश्न नव्हता, पण डांबराचा वास घरभर सुटणार आणि लेकरू आजारी पडणार, हे तिला दिसलंसुद्धा होतं.

मग भुजंगने ढिल्या रिव्हेटा काढून नटबोल्ट लावले आणि प्रत्येक बोल्टाखाली सायकलच्या ट्यूबचा गोल काप बसवला. मागची यंत्र लावायची फळी सडली होती, तिथे शाळेतल्या मोडक्या बाकाची फळी आली. त्यावर कोण्या विद्यार्थ्याने कोरलेलं "गुरुजी मारतात" तसंच राहिलं. इंजिन दोरी ओढून सुरू झालं तेव्हा पंख्याचा असा वारा सुटला की गिरिजाबाईंनी सूप आणून रेशनचा मिलो, म्हणजे ती अमेरिकेची तांबडी ज्वारी, उफणून घेतली. तेही दोनच मिनिटं. "तापतं माय," भुजंग म्हणाला, "याला गार व्हायलाबी पाणीच लागतं."

राहिली गळतीची तपासणी.

"होडीत पाणी भरायचं, काठोकाठ," भुजंग म्हणाला. "बाहेरून जिथं ठिबकंल तिथं खडूची खूण करायची."

"किती पाणी लागेल?"

"सत्तर घागरी धरा."

गल्लीचं एका वेळचं सगळं पाणी बहात्तर घागरी होतं. बेबीनंदाने होडीकडे बघितलं, भुजंगकडे बघितलं, आणि आत जाऊन पातेल्यावरचं झाकण नीट केलं.

मार्ग गिरिजाबाईंनी काढला. टँकरच्या नळीपाशी दर खेपेला झिंज्या उपटायची वेळ यायची. त्यापेक्षा टँकर सरळ होडीत ओतू द्या, गळतं तिथं भुजंग आवळील, मग ज्याच्या त्याच्या चार घागरी ज्याने त्याने न्याव्यात. गल्लीने विचार केला. विचार पाण्याचा नव्हता. बौद्धाच्या दारातल्या भांड्यातून पाणी न्यायचं कसं, हा होता. पण तहान मोठी विद्वान असते. दोन दिवसांत गल्लीला शास्त्र सापडलं, की एक तर जर्मनला शिवाशीव लागत नाही, आणि दुसरं, होडी मूळची सरकारी आहे आणि सरकारला जात नसते.

टँकर होडीत ओतला गेला. सात ठिकाणी ठिबकलं, भुजंगने सात ठिकाणी आवळलं, वरून धुतलेली ताडपत्री आली आणि भांडणं संपली. गिरिजाबाईंना लहानपणी गावच्या आडावर कोणी वरून ओंजळीत ओतेल तेव्हाच पाणी मिळायचं. आता अठरा घरं त्यांच्या दारातून पाणी नेत होती. आंघोळ न होताही त्या रोज सकाळी धुवट लुगडं नेसून होडीपाशी बसायच्या. कोणी घागर बुडवली की म्हणायच्या, "ने बाई, पोटभर ने," आणि घागरी मनात बराबर मोजायच्या.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तर ती सरकारी राहिली नसती. नव्वदाव्या दिवशी नौका निरीक्षक अण्णासाहेब सायकलवरून आले. त्यांनी ताडपत्री उचलली, काठोकाठ पाणी बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"कधी बुडाली?"

"बुडाली नाही साहेब, भरली आहे," बेबीनंदा म्हणाली.

"बाई, नौकेत काठापर्यंत पाणी आलं की त्याला काय म्हणतात?"

"पण साहेब, खाली जमीन आहे."

"बुडालेल्या प्रत्येक नौकेखाली जमीनच असते." अण्णासाहेबांनी फॉर्म काढला. "रकाना नऊ. घरासमोर, दोन फूट. हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"सुरेख आहे," ते मनापासून म्हणाले, आणि "नौका घरासमोरील पाण्यात बुडालेली आढळली" असा शेरा मारून निघून गेले. गुरुजींना हायसं वाटलं. बुडालेल्या नौकेवर अट सहावी लागू होत नव्हती.

पुढच्या पाळीला टँकर गल्लीच्या तोंडाशी आला आणि वळला. बायका मागे धावल्या. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "यादीत न्हाई तुमची गल्ली! तुमी पाण्यात हायेत म्हणे!"

पाचव्या दिवशी होडीचा तळ दिसला. बेबीनंदाकडे छकुलीपुरतं दोन तांबे पाणी उरलं. ते तिने देवळीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवलं आणि त्या देवळीकडे तोंड करून ती बसली. बाहेरून टोमणे येत होते, "शिकल्याली सून केली गिरिजाबाईनं, गल्ली बुडवली सगळी." छकुलीची जीभ कोरडी आहे की आपल्याला वाटते, हे तिने तासाभरात पाच वेळा बघितलं. सहाव्यांदा बघितलं आणि ती उठली. कार्बन पेपर घेतले, अर्ज लिहिला, पोर कडेवर मारली आणि कचेरी गाठली.

"पाणी नाही, तर नौका कशात बुडाली?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"बुडालीच नाही, साहेब."

"म्हणजे माझा अहवाल खोटा?"

चहाचे कप नेणारा शिपाई जागच्या जागी थांबला. बेबीनंदाने राज्यशास्त्र उगीच घेतलं नव्हतं. पाणी आटतं, विहीर आटते, अहवाल आटत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"अहवाल बरोबर आहे साहेब."

"मग पाणी आहे."

"आहे ना. पूर आहे. गल्लीत पूर आला आहे." तिने छकुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आणि पुराचं पाणी पिण्यायोग्य नसतं. पूरग्रस्तांना पिण्याचं पाणी रोज पुरवायचा नियम आहे. नियम अठरावा."

अण्णासाहेबांनी आता पेनाचं टोपण काढलं. इतकं स्वच्छ बोलणारं माणूस त्यांना पुष्कळ दिवसांनी भेटलं होतं.

"बरोबर आहे. पण तसा अर्ज पाहिजे."

"तीन प्रतींत आणलाय."

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. गल्लीत पाय भाजत होते. अठरा घरांनी "घरात दोन फूट पाणी" यावर सह्या केल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे उठवले. "कसे वाचलात?" या रकान्यात भुजंगने "पोहून" असं लिहून दिलं. त्याला पोहता येत नव्हतं, पण रकाना होता. तिसऱ्या दिवसापासून टँकर रोज यायला लागला, घरटी आठ घागरी. ओलाव्यापासून रक्षण व्हावं म्हणून ऐन वैशाखात घरटी एकेक घोंगडी मिळाली, ती वेगळीच. होडी पुन्हा काठोकाठ भरली. ज्यांनी टोमणे मारले होते तेच आता म्हणायला लागले, "मास्तरीणबाईच्या अक्षराला तोड न्हाई." बेबीनंदाने दोन महिन्यांत पहिल्यांदा छकुलीला तांब्या-तांब्याने न्हाऊ घातलं आणि ते पाणी ओघळून जाताना बघून उगीचच तिचं काळीज धडधडलं.

ते कशाने, हे चार दिवसांनी कळलं. पलीकडच्या गल्लीतली चतुराबाई रिकामी घागर घेऊन होडीपाशी येऊन उभी राहिली. टँकर कचेरीकडे एकच होता. तो इकडे रोज यायला लागल्यापासून तिच्या गल्लीची पाळी बंद होती.

"आम्हांला नुसता दुष्काळ हाय, बाई," ती म्हणाली. "पूरवाल्याइला पहिलं देऊन राह्यले म्हणे."

तिने ताडपत्री सारून घागर आत घालायला हात वाकवला आणि बेबीनंदाच्या तोंडून निघून गेलं, "थांबा, बुडवू नका! लहान लेकरू आहे घरात. मी वरून ओतते."

गिरिजाबाई उठल्या. सुनेच्या हातातला तांब्या त्यांनी काढून घेतला आणि ताडपत्री या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून खाली टाकली.

"बुडीव तू," त्या चतुराबाईला म्हणाल्या. "वरून वतल्यालं पाणी म्या पेलेली हाय. त्याची चव ठावं हाय मला." मग सुनेकडे न बघता, "अन् तू? तुझ्या लेकरासाठी लिहिता आलं, हिच्या गल्लीसाठी हात दुखते का?"

बेबीनंदाचं तोंड लाल झालं. ती आत गेली आणि टाक, दौत, कार्बन घेऊन बाहेर आली. होडीच्या काठावर कागद ठेवून तिने खाली मान घालूनच विचारलं, "पाणी किती फूट आलं म्हणून लिहू?"

चतुराबाईने भरलेली घागर डोक्यावर घेतली. "तुमच्यापरीस एक फूट ज्यास्ती लिहा."

तिच्यामागून तिसरी गल्ली आली, ती चार फूट पाण्यात होती. मग चौथी. महिन्याभरात मस्तगडच्या मागचा सगळा भाग बुडाला, आणि प्रत्येक अर्ज एकाच सुरेख अक्षरातला. टँकर एकच असल्यामुळे कचेरीने बैठक घेऊन न्याय्य वाटप ठरवलं : सर्व पूरग्रस्तांना दर तिसऱ्या दिवशी, घरटी चार घागरी.

पहिल्या पाळीला टँकरपाशी सगळ्या गल्ल्यांची मिळून एकच मोठी ओळ होती, जास्त फुटांचे पुढे, आणि खोल पाण्यात उभं राहिल्यासारखं कोणीच वागत नव्हतं. सगळे ढकलत होते. बेबीनंदा छकुलीला घेऊन शेवटी उभी होती, कारण तिच्या गल्लीत पाणी सर्वांत उथळ होतं.

आणि तुम्ही, वाचता वाचता हसला असाल, तर उठा आणि आधी आपला शाळेचा दाखला काढून बघा. जन्मतारीख एक जून असेल, तर गुपचूप तिच्या मागे येऊन उभे राहा. घागर आपली आपण आणावी.